बी.एस्सी. नर्सिंगनंतर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं पदव्युत्तर शिक्षण: करावं का, कुठे, कसं?

निशिगंध_नाशिक | ९ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग होऊन नऊ वर्षं झाली. त्यातली चार आयसीयूत काढली, आणि गेली दोन वर्षं सर्जरी वॉर्डची इनचार्ज आहे. वय ३२, मुलगी यंदा पहिलीत गेली.

पुढे शिकायचं डोक्यात बऱ्याच दिवसांपासून होतं, पण ज्या कारणाने आज लिहायला बसले ते सांगते. मागच्या महिन्यात दिंडोरी तालुक्यातले एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला सर्जन राउंडला आले, टाके बघितले आणि "बाबा, आज घरी जा" म्हणाले. आजोबांनी लगेच धोतर बदललं, टोपी घातली, पिशवी भरली आणि कॉटच्या कडेवर बसून राहिले. आजी खाली बिलिंगच्या खिडकीशी. डिस्चार्ज समरी लिहिणारे डॉक्टर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते. उरलेली इंजेक्शनं फार्मसीला परत करायची होती, पण आमच्याकडे परतीची पावती दुपारी दोननंतरच होते. लॅबचा एक रिपोर्ट कॉम्प्युटरवर चढला नव्हता, म्हणून बिल अडलेलं. मी चार वेळा फोन केले. गेटपास मिळाला सव्वासातला. त्यांच्या गावाकडची शेवटची एसटी तोवर गेली होती. दोघांनी ती रात्र स्टँडवर काढली, हे मला आठ दिवसांनी टाके काढायला आले तेव्हा आजींनी सांगितलं. त्या चिडल्या नव्हत्या. "तुमी लई केलं बाई आमचं" असंच म्हणाल्या. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला मी.

त्या दिवशी कोणीही कामचुकारपणा केला नव्हता. ओटीतले डॉक्टर ऑपरेशनच करत होते, फार्मसीतला मुलगा नियमाप्रमाणे चालला होता. तरी एक म्हातारं जोडपं ताज्या टाक्यांनिशी स्टँडवर झोपलं. हे सगळं एकत्र बघण्याचं काम कोणाचं? ज्याचं असतं ते मला शिकायचंय.

प्रश्न असे:
एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन), एमबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि वेगवेगळे डिप्लोमा यांत खरा फरक काय? नोकरी सोडावी लागेल का? नर्सने हे केलं तर डॉक्टर मंडळी ऐकतात का? आणि घरचे म्हणतात एम.एस्सी. नर्सिंग कर, शिकवायची नोकरी लागेल. त्यांचं चुकतंय असं मलाही ठामपणे म्हणता येत नाही.

---

डोंगरवाट | १० जून, सकाळी ७:१५

ताई, तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला घेतलं. मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन्स बघतो. मूळचा बी.फार्म., नंतर दोन वर्षांचं एमएचए. या धंद्यात चौदा वर्षं झाली.

आधी नावांचा गोंधळ. एमएचए हे नाव दोन वेगळ्या गोष्टींना लावतात. दिल्लीच्या एम्समध्ये जे एमएचए आहे ते फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठी, म्हणजे ते एमडीच्या तोडीचं वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण आहे. आपल्या पुण्यात एएफएमसी या लष्कराच्या मेडिकल कॉलेजात हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी होतं, ते त्याच वळणाचं. ते तुम्हाला किंवा मला खुलं नाही. दुसरं एमएचए म्हणजे मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे तसं, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला चालणारं. टिस १९३६ पासूनची संस्था, समाजकार्याचा पाया असलेली, त्यामुळे तिथे हॉस्पिटलकडे नुसता व्यवसाय म्हणून बघायला शिकवत नाहीत. तुमची तळमळ बघता तुम्हाला ते मानवेल. पुण्यात सिम्बायोसिसचं एमबीए हॉस्पिटल अँड हेल्थकेअर मॅनेजमेंट आहे, त्याला स्नॅप ही प्रवेश परीक्षा. जयपूरची आयआयएचएमआर १९८४ पासून याच विषयात काम करते. बाकी विद्यापीठांची एमबीए आहेतच.

आता नोकरी. पूर्णवेळ कोर्स केला तर नोकरी सोडावीच लागते, त्याला इलाज नाही. टिसमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा एक्झिक्युटिव्ह डिप्लोमाही आहे, त्यात काही आठवडे संस्थेत जायचं आणि बाकी अभ्यास कामावर राहून. तुमच्यासारख्या लहान मूल असलेल्या आणि हाताशी वॉर्ड असलेल्या माणसाला हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. मात्र ती डिग्री नव्हे, डिप्लोमा आहे. काही हॉस्पिटलं जाहिरातीत "पदव्युत्तर पदवी" असं स्पष्ट लिहितात, तिथे अडेल.

आणि तुमच्या आजोबांबद्दल. आमच्या क्षेत्रातला सगळ्यात साधा हिशोब याच गोष्टीचा आहे. समजा हॉस्पिटलमधून रोज २० पेशंट घरी जातात आणि प्रत्येकजण डॉक्टरांनी "जा" म्हटल्यावर सहा तास जास्त अडकतो. १२० तास झाले, म्हणजे रोज पाच खाटा. पाच खाटांवर बरी झालेली माणसं कपडे घालून बसलेली, आणि खाली कॅज्युअल्टीत कोणीतरी स्ट्रेचरवर खाट मिळायची वाट बघतंय. मालकाला आजोबांच्या एसटीची गोष्ट सांगितली तर तो हळहळेल. पाच खाटांचा हिशोब दाखवला की दुसऱ्या दिवशी मीटिंग लावेल. दोन्ही गोष्टी एकच आहेत. तो हिशोब मांडायला शिकणं हेच मुळात हे शिक्षण.

---

सर्जन_गावाकडचा | १० जून, दुपारी ३:०५

मी अहिल्यानगर जिल्ह्यात तीस खाटांचं हॉस्पिटल चालवतो. माझं मत जरा वेगळं आहे, सिस्टर, राग मानू नका.

मी दोनदा एमबीए झालेली मुलं नेमली. हुशार होती, प्रेझेंटेशन छान करायची. पण ओटीत ऑटोक्लेव्ह (हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) कधी लागतं, रात्री दोनला सीझर आलं तर ब्लड बँकेत कोण पळतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायला ती रात्री कधी थांबलीही नाहीत. दोघंही वर्षाच्या आत शहरात गेली. आज माझं प्रशासन सांभाळतात त्या आमच्या जुन्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या) सिस्टर. त्यांना कुठलीच पदवी नाही.

तरी तुम्ही शिकू नका असं मी म्हणणार नाही, कारण आमच्या सिस्टर जिथे अडतात ती जागा मला रोज दिसते. कागद. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन १९४९ च्या कायद्याखाली, त्याचे नियम २०२१ मध्ये बदलले, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. सोनोग्राफी असली की पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ. एक रकाना रिकामा राहिला तर डॉक्टर कोर्टात उभा. फायर ऑडिट. प्रदूषण मंडळाची संमती. एक्सरेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. लिफ्टचं वेगळं. यातल्या प्रत्येकाची मुदत वेगळ्या महिन्यात संपते. पूर्वी हे सगळं माझ्या डोक्यात असायचं आणि मी ऑपरेशन करताना मला ते आठवायचं. ते बरं नव्हे.

डॉक्टर ऐकतात का, असं विचारलंत. जिने वॉर्ड चालवलाय तिचं ऐकतात. मी तरी ऐकतो.

---

निशिगंध_नाशिक | १० जून, रात्री १०:२०

सर, राग कसला, उलट धीर आला. डोंगरवाट दादा, तुमचा पाच खाटांचा हिशोब मी वहीत लिहून घेतला.

एक विचारायचं राहिलं. माझ्या दोन मैत्रिणी जीएनएम आहेत, त्यांनाही हे करायचंय. चालेल का?

---

अनुजा_एमएचए२ | १० जून, रात्री ११:५२

ताई, मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे (कॉलेजचं नाव सांगत नाही). आधी तुमच्या मैत्रिणींचं: जीएनएम हा डिप्लोमा आहे, पदवी नाही. पदव्युत्तरला बसायला पदवी लागते. त्यांनी आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करायला हवं. काही संस्था "जीएनएमवर डायरेक्ट एमबीए" असं सांगून पैसे घेतात, त्यांच्या दारातही जाऊ नका म्हणावं. दूरस्थ शिक्षणाचं काही करत असाल तर यूजीसीच्या यादीत ते विद्यापीठ आणि तो कोर्स त्या वर्षासाठी आहे का, हे आधी बघा. पीजीडीएम (व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा) असेल तर एआयसीटीईची मान्यता.

अभ्यासक्रमात काय असतं हे कोणीच नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. पहिल्या सहामाहीत संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र आलं की नर्सिंगवाल्यांना सोपं जातं आणि कॉमर्सवाले घाबरतात. मग हिशोब आणि कॉस्टिंग आलं की उलटं होतं. त्याशिवाय हॉस्पिटलचं नियोजन (खाटामागे किती जागा, सीएसएसडी म्हणजे निर्जंतुकीकरण विभाग ओटीपासून किती लांब, स्वच्छ आणि घाण सामानाच्या वाटा वेगळ्या कशा ठेवायच्या), मनुष्यबळ, कायदे, विमा, गुणवत्ता, आणि शेवटी प्रबंध.

मला सगळ्यात जास्त आवडला तो स्टोअरचा विषय. एका इंटर्नशिपमध्ये मला फार्मसीच्या स्टोअरमध्ये बसवलं आणि सगळ्या औषधांची दोनदा वर्गवारी करायला सांगितली. आधी पैशांवरून: वर्षाचा सगळ्यात जास्त खर्च खाणारी थोडी औषधं ए गटात, मधली बी, आणि उरलेली ढीगभर स्वस्त औषधं सी. मग गरजेवरून: जीव वाचवणारी, आवश्यक, आणि नसली तरी चालणारी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा ॲड्रेनॅलिनच्या ॲम्प्यूलपाशी मी थांबले. पैशांच्या यादीत ती अगदी तळाला होती, एका ॲम्प्यूलची किंमत काहीच नाही. गरजेच्या यादीत सगळ्यात वर. नुसत्या खर्चावर नजर ठेवणारा माणूस त्या डब्याकडे वर्षभर बघणारही नाही. ती संपलेली असली तर ते कळतं क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) उघडल्यावर. त्या दिवसापासून मी कुठल्याही वॉर्डात गेले की आधी क्रॅश कार्टचं सील आणि चेकलिस्टवरची तारीख बघते.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. इंटर्नशिप कुठे, किती आठवडे, आणि तिथे विद्यार्थ्याला काय करायला देतात, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. माझ्या एका मैत्रिणीला दोन महिने फक्त ओपीडीच्या फीडबॅक फॉर्मची एंट्री करायला बसवलं होतं. तिची दोन महिन्यांची फी आणि वेळ गेला तो गेलाच.

---

अबोली_मडगाव | ११ जून, सकाळी ९:३०

गोव्याहून थोडंसं. मी एका हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर काम करते. आमच्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तुमच्याकडे महात्मा फुले. कुठल्याही एमएचएच्या मुलाने महिनाभर तरी अशा काउंटरवर बसावं असं मला मनापासून वाटतं. कार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं, आणि ऑपरेशन उद्या. हे कुठलंच पुस्तक शिकवत नाही.

---

कंत्राटी_कर्मचारी | ११ जून, दुपारी १:४५

सगळे खाजगीबद्दल बोलताहेत म्हणून सरकारी बाजू मांडतो. मी विदर्भातल्या एका जिल्ह्यात आरोग्य अभियानात गुणवत्तेचं काम बघतो. बीएचएमएस, नंतर एमबीए हॉस्पिटल. पद कंत्राटी, दरवर्षी करार नवा. ते आधीच सांगतो म्हणजे कोणाची फसगत नको.

आमचं काम म्हणजे ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं यांना कायाकल्प, एनक्वास (सरकारी रुग्णालयांची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं), लक्ष्य यांच्या तपासणीसाठी तयार करणं. कायाकल्प २०१५ ला सुरू झालं, स्वच्छता आणि संसर्ग-नियंत्रणावर बक्षीस. लक्ष्य २०१७ पासून, प्रसूतिगृहासाठी. ऐकायला कागदी वाटतं. प्रत्यक्षात मी एका ग्रामीण रुग्णालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा लेबर रूमच्या दाराशी एकच बादली होती आणि तिच्यात सगळं: वार, सलाइनच्या नळ्या, सुया, फुटलेली ॲम्प्यूल. तिथल्या मावशी ती हाताने उचलायच्या. त्यांच्या बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा होत्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत चार रंग आहेत. पिवळ्यात वार आणि रक्ताने माखलेलं, लालमध्ये नळ्या-हातमोजे-प्लास्टिक, पांढऱ्या न भोसकता येणाऱ्या डब्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. पोस्टर भिंतीवर होतंच, इंग्रजीत. मावशींना वाचता येत नव्हतं. आम्ही बादल्यांवर खरी वस्तू चिकटवली, पिवळीवर कापूस, लालवर नळीचा तुकडा, निळीवर रिकामी बाटली. मावशींनी तीन दिवसांत उचललं, आणि चौथ्या दिवशी एका इंटर्न डॉक्टरने लालमध्ये सुई टाकली तर त्यांनीच त्याला बोलून ती बाहेर काढायला लावली.

आणि एक. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला तुमच्याच नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि दाब कमी झाल्याने २२ पेशंट दगावले. दोन्ही ठिकाणी उपचार सुरू होते, औषधं होती, डॉक्टर-नर्स होते. वायरिंग, धूर ओळखणारी यंत्रणा, बाहेर पडायची वाट, टाकीचा व्हॉल्व्ह, पर्यायी सिलिंडरची रांग हा सगळा प्रशासनाचा अभ्यासक्रम आहे हो. मी प्रत्येक भेटीत आधी मॅनिफोल्ड रूममध्ये, म्हणजे ऑक्सिजन सिलिंडरच्या खोलीत जातो, मग साहेबांच्या केबिनमध्ये.

---

निशिगंध_नाशिक | ११ जून, रात्री ११:१०

दादा, तुमची शेवटची ओळ वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्या २१ एप्रिलला मी शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूत ड्युटीवर होते. बातमी आली तेव्हा आमच्या मेट्रन काही न बोलता खाली गेल्या आणि आमचा ऑक्सिजनचा मीटर स्वतः बघून आल्या. मग दर तासाला एकीने खाली जाऊन आकडा लिहून आणायचा असं त्यांनीच ठरवलं. तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तासाचा आकडा आणि खाली सही.

---

क्लीव्हलंडकर | १२ जून, पहाटे ५:२०

अमेरिकेतून लिहितोय. कोणीतरी परदेशाचं विचारणारच, म्हणून आधीच.

या विषयाचं विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं ते इथेच, शिकागो विद्यापीठात १९३४ साली. आज एमएचए शेकडो ठिकाणी मिळतं, त्यातलं काहमीची (अशा कोर्सेसना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता असलेलंच घ्यावं. इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पदवीनंतरची वर्षभराची ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप: हॉस्पिटलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रत्येक विभागात फिरवतात. पण त्या जागा थोड्या, आणि बऱ्याच ठिकाणी व्हिसावाल्यांना घेत नाहीत.

भारतातून थेट एमएचएला येणाऱ्यांनी एक नीट बघावं. बहुतेक एमएचए स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत बसत नाहीत. म्हणजे शिक्षणानंतर काम करायला १२ महिनेच मिळतात, इंजिनियरांना मिळतात तसे वरचे २४ नाहीत. मोठं कर्ज काढून येणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

ताई, तुम्ही नर्स आहात. तुम्हाला कधी इकडे यायचंच असेल तर एनसीएलईएक्स ही नर्सची परवाना परीक्षा देऊन नर्स म्हणून या. इथे हॉस्पिटलं नोकरीत असलेल्या नर्सच्या पुढच्या शिक्षणाची फी काही प्रमाणात स्वतः भरतात. माझ्या बायकोने तसंच केलं. आज ती एका युनिटची मॅनेजर आहे आणि तिला एमएचएला खिशातून फारसं काही घालावं लागलं नाही.

---

डोंगरवाट | १२ जून, सकाळी ८:००

एम.एस्सी. नर्सिंगचं कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. तुमच्या घरच्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. एम.एस्सी.लाही दुसऱ्या वर्षी नर्सिंग मॅनेजमेंट हा विषय सगळ्यांना असतो. कॉलेजात शिकवायचं असेल, किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंट व्हायचं असेल, तर तोच रस्ता. पण तुमची पहिली पोस्ट मी परत वाचली. तुम्हाला त्रास झाला तो फार्मसी, लॅब, बिलिंग, ओटी यांच्यामधल्या फटींचा. नर्सिंग सुपरिंटेंडंटचा अधिकार त्या फटींपर्यंत पोचत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी एमएचएच म्हणेन.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात अधीक्षक डॉक्टरच असतो. बऱ्याच मोठ्या खाजगी हॉस्पिटलांतही मेडिकल डायरेक्टर डॉक्टरच. तुमची वाट ऑपरेशन्स, क्वालिटी, पेशंट सर्व्हिसेस अशी जाते. क्वालिटीत नर्सचा हात कोणी धरू शकत नाही. एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणारं मंडळ) मानकांच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीत १० प्रकरणं, १०० मानकं आणि ६५१ मुद्दे होते, आणि त्यातले कितीतरी तुम्ही वॉर्डात रोज करत होता, फक्त त्याला ते नाव नव्हतं. ऑडिटर येतो तेव्हा तो माझ्यासारख्याला विचारतच नाही, थेट वॉर्डात जाऊन सिस्टरला विचारतो: चुकीचं औषध दिलं गेलं तर तुम्ही काय करता?

---

समाजसेवक_मुंबई | १२ जून, सायंकाळी ६:३५

मी एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेवक आहे. नवीन एमएचए झालेली मुलं आमच्याकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याच राज्यातलं ४१ एए कलम माहीत नसतं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बळ घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. त्या खाटा रोज रिकाम्या किती, भरलेल्या किती, हे दाखवणं प्रशासनाचं काम. एखादा माणूस बाहेर दागिने गहाण टाकत असतो आणि आत त्याच्या हक्काची खाट रिकामी असते. हे मी पाहिलंय, आणि त्या वेळी खाट रिकामी आहे हे वॉर्डाला माहीत होतं, माझ्या टेबलाला नव्हतं.

निशिगंध ताई, तुम्ही शिका. पण शिकल्यावर एसी ऑफिसात बसला तर वॉर्डाचं नुकसान होईल, हे आपलेपणाने सांगतो.

---

सर्जन_गावाकडचा | १३ जून, रात्री ९:१५

समाजसेवक साहेबांशी शंभर टक्के सहमत. आणि सिस्टर, प्रवेशाची वाट कशाला बघता? पाच खाटांचा हिशोब उद्यापासून तुमच्याच वॉर्डात करा की. एक वही, एक घड्याळ. डॉक्टरने "जा" म्हटलं ती वेळ, समरी झाली ती वेळ, औषधं परत गेली ती वेळ, बिल, पैसे, गेटपास. दोन आठवडे.

---

निशिगंध_नाशिक | ३ जुलै, रात्री १०:५०

मंडळी, उशीर झाला, पण काम करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वही केली. १६ ते २९ जून, चौदा दिवस, माझ्या एका वॉर्डातले ४१ डिस्चार्ज. रात्रपाळीच्या आणि रविवारच्या मुलींनीही लिहिलं, एकीनेही कंटाळा केला नाही. मला वाटत होतं विमा कंपन्यांमुळे उशीर होतो. आयआरडीएआय या विमा नियामकाने २०२४ मध्येच सांगितलंय की डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि आमच्या वहीत तीन तासांच्या वर गेलेले विम्याचे पेशंट चारच निघाले. खरा वेळ गेला होता तो विमा कंपनीला कागद पाठवण्याच्या आधी. समरी. राउंड दहाला संपतो, समरी लिहिणारे रेसिडेंट लगेच ओटीत जातात आणि बाहेर येतात तीन-साडेतीनला. ४१ पैकी २६ फायली त्या एका ठिकाणी पडून होत्या. त्यानंतर फार्मसीची परतीची पावती, दोननंतरची.

आमच्या मेडिकल सुपरिंटेंडंट मॅडमकडे वही घेऊन गेले तेव्हा पाय थरथरत होते. त्यांनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?" त्या ओळीत लिहिलं होतं, सुरगाणा, एकटी बाई, बाळ सोबत, संध्याकाळी सहा चाळीस. शेरा म्हणून एक रकाना मी ठेवला होता, पेशंटला किती लांब जायचंय त्याचा. दिंडोरीच्या आजोबांमुळे सुचला तो. मॅडमनी फार्मसीच्या इनचार्जना तिथेच फोन लावला. परतीची पावती आता सकाळी दहापासून होते. समरीचं असं ठरलं की उद्या कोण जाणार याची यादी आदल्या दिवशी संध्याकाळच्या राउंडला करायची आणि मसुदा रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तयार ठेवायचा, सकाळी फक्त बदल असला तर तो करायचा. रेसिडेंट डॉक्टरांपैकी एक जण नाराज आहेत, त्यांच्याशी अजून बोलायचंय. त्यांचंही बरोबर आहे, रात्री दोन डॉक्टर आणि नव्वद पेशंट असतात.

अर्ज मी एक्झिक्युटिव्ह डिप्लोमाचाच करतेय, नोकरी न सोडता. पदवीचं मुलगी तिसरीत गेली की बघू, असं घरी ठरलंय. सासूबाईंना आजोबांची गोष्ट सांगितली, त्या म्हणाल्या, "मग कर. मुलीचं मी बघते."

अनुजा, संख्याशास्त्राच्या तुझ्या नोट्स मिळतील का? सरासरी काढली तर पाच तास दहा मिनिटं येतात, पण दोन पेशंट अकरा तासांचे आहेत आणि त्यांनी आकडा वर ओढलाय असं मला वाटतं. मधला आकडा वेगळा काढतात ना?

---

अनुजा_एमएचए२ | ३ जुलै, रात्री ११:३०

हो ताई, मध्यक. सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा, ४१ आहेत ना, मग एकविसावी वेळ तो मध्यक. अकरा तासवाल्यांचा त्यावर काही परिणाम होत नाही. पण त्या दोघांना सोडून देऊ नका, त्यांच्या फायली वेगळ्या काढून बघा काय झालं होतं. नोट्स उद्या पाठवते.

---

निशिगंध_नाशिक | ४ जुलै, सकाळी ६:४०

ड्युटीवर निघण्याआधी लिहिते. मध्यक चार तास वीस मिनिटं. अकरा तासवाल्या दोन्ही फायली रविवारच्या निघाल्या. रविवारी आमची बिलिंगची खिडकी एकच असते.